वन्समोअर न देणारा लिमरिककर

‘वन्समोअर’ हा शब्द मूळचा इंग्रजी आहे, असं कोणाही नाटकवेड्या मराठी माणसाला सांगून पाहा. तो मान हलवील, पण मनातून त्याला ते पटणार नाही, इतका तो शब्द आपल्या घरचा झाला आहे. बालगंधर्वांच्या एकेका पदाला लागोपाठ वन्समोअर पडत, नाटक रात्रभर चाले आणि घरी परतताना प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचं समाधान असे. वन्समोअरमध्ये प्रेम असतंच, पण थोडा हक्कही असतो. ‘आत्ता दिलंस तेच पुन्हा दे’ असं आपण कलावंताला प्रेमाने बजावत असतो. हा हक्क कुठवर चालवायचा? कलावंताने तो मानला नाही तर रुसायचं का? आणि रुसलोच, तर आपला रुसवा रास्त आहे की नाही हे ओळखायचं कसं? या प्रश्नांचा विचार करताना आपल्याच लिमरिक गावात जन्मलेल्या एका संगीतकाराचं उदाहरण फार उपयोगी पडतं.

त्याचं नाव रिचर्ड डेव्हिड जेम्स. १८ ऑगस्ट १९७१ रोजी लिमरिकमध्ये तो जन्मला. आईवडील वेल्श, आणि मुलगा वाढला तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. जग त्याला ‘अ‍ॅफेक्स ट्विन’ या नावाने ओळखतं. आपल्या गावाने बेडफर्ड रोवर रिचर्ड हॅरिसचा पुतळा उभारला, शॅननच्या काठी टेरी वोगनला बसवलं, क्रॅनबेरीजच्या डोलोरेस ओरिऑर्डनवर तर गावाने लेकीसारखी माया केली. त्या मानाने या जेम्सचं नाव इथे कमीच ऐकू येतं. त्याचं कारणही उघड आहे. तो इथे जन्मला एवढंच. आयुष्य त्याने दुसरीकडे काढलं. जन्मगाव एक, वाढण्याचं गाव दुसरं आणि आईवडिलांचा मुलूख तिसरा, हा हिशेब आपल्या वाचकांना काही नवा नाही.

जेम्सचं संगीत म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीत. गायक नाही, वादकांचा ताफा नाही; सिंथेसायझर, संगणक आणि तालयंत्रं घेऊन एकटा माणूस खोलीत बसून सगळी रचना करतो. १९९२ साली ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बिअंट वर्क्स ८५–९२’ हा त्याचा संग्रह आला आणि या क्षेत्रातल्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यात ठेका होता, पण ठेक्यावर धुक्यासारखी एक संथ, उदास सुरावट पसरलेली होती. १९९४ साली त्याचा दुसरा खंड आला. त्यात तर ठेका जवळजवळ नाहीसाच झाला होता. १९९६ मध्ये त्याने नेमकं उलट केलं : भन्नाट वेगाचे, तुकडे तुकडे केलेले ताल आणि त्यांच्यावर व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या गोड ओळी. मग १९९७ मध्ये ‘कम टू डॅडी’ आणि १९९९ मध्ये ‘विंडोलिकर’ आलं. दोन्हींच्या चित्रफिती भयानक आणि विनोदी एकाच वेळी होत्या. त्याच्या चाहत्यांच्या अपेक्षा आता आभाळाला भिडल्या. पुढचा संग्रह काय असेल यावर अंदाज बांधण्यात त्यांची दोन वर्षं गेली.

२२ ऑक्टोबर २००१ रोजी तो संग्रह आला. नाव ‘ड्रुक्स’. दोन सीडी, तीस रचना, शंभर मिनिटांच्या आसपास संगीत. आणि चाहते हिरमुसले!

ही निराशा कशी होती ते समजून घेण्याजोगं आहे. अर्ध्या लोकांची तक्रार अशी की, हे तर जुनंच आहे. हे तुटक धावते ताल आम्ही पाच वर्षांपूर्वीच ऐकले, आता नवीन काय? उरलेल्या अर्ध्यांची तक्रार बरोबर उलटी. हा मधूनमधून पियानो काय वाजवत बसलाय? एवढी मोठी यंत्रविद्या हाताशी असलेल्या माणसाने दोन दोन मिनिटांचे हे साधे तुकडे कशाला द्यावेत? त्यात भर म्हणून जेम्सने मुलाखतीत सांगितलं की, आपल्या अप्रकाशित रचना साठवलेलं एक यंत्र विमानात विसरलं गेलं. त्या बाहेर फुटण्याआधी आपणच प्रसिद्ध केलेल्या बऱ्या, असा विचार केला. झालं! चाहत्यांना कारण मिळालं. म्हणजे हा संग्रह नव्हेच, कपाट आवरताना सापडलेला माल आहे, असं जो तो म्हणू लागला.

ज्यांनी ही सीडी आयात माल म्हणून विकत घेतली त्यांचा राग थोडा जास्तच असणार. ‘इम्पोर्टेड’ या शब्दाचं आपल्या पिढीच्या मनातलं वजन काय होतं ते वेगळं सांगायला नको. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरात आलेली इम्पोर्टेड वस्तू काचेच्या कपाटात जाई, आणि पाहुण्यांना दाखवताना ती ‘तिकडची’ आहे हे आवर्जून सांगितलं जाई. मुंबई-पुण्यात असलं संगीत ऐकणारा तरुण एक तर परदेशातल्या काका-मामाच्या बॅगेची वाट पाही, नाहीतर काळ्या घोड्याजवळच्या र्‍हिदम हाउससारख्या दुकानात जाऊन पदरमोड करी. ते दुकानही २०१६ साली बंद झालं. एवढे पैसे मोजून, एवढी वाट पाहून घेतलेली तबकडी पहिल्या ऐकण्यात आवडली नाही, तर माणूस ती पुन्हा लावण्याआधी बोटं मोडतो. निराशेत पैशाचा आणि प्रतीक्षेचा वाटा असतो. तो वजा करून मगच संगीताचा न्याय करायला हवा.

आता कोणी विचारील, मग नाराज चाहता नेहमी चूकच का? तसं मुळीच नाही. त्याच सुमाराचं दुसरं एक उदाहरण घेऊ, आणि त्याची सुरुवात तर आपल्या गोव्यात होते.

हणजुणे, म्हणजे इंग्रजीतलं अंजुना, आणि शेजारचं वागातोर. तिथल्या किनाऱ्यांवर जमणाऱ्या परदेशी भटक्यांच्या रात्ररात्र चालणाऱ्या मेळ्यांतून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला एक संगीतप्रकार घडला. त्याला नावच मुळी ‘गोवा ट्रान्स’ पडलं. उन्हात प्लास्टिकच्या तबकड्या वाकत, म्हणून डीजे मंडळी संगीत डॅट टेपवर भरून आणत. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन डीजे या मंडळींतला म्होरक्या. तो २०२३ साली गोव्यातच वारला. या संगीताची मांडणी रात्रीच्या प्रहरांप्रमाणे असे : मध्यरात्री ते गडद आणि आक्रमक, पहाटे उजाडताना मोकळं आणि सुरेल. रागसमयाची सवय असलेल्या माणसाला यात फार परकं काही वाटू नये. स्थानिक गावकऱ्यांना या मेळ्यांचा जो त्रास झाला आणि त्यांच्याभोवती अमली पदार्थांचा जो बाजार उभा राहिला, त्याची बाजू वेगळी आहे आणि ती गंभीर आहे. पण संगीत म्हणून तिथे काही नवं जन्मलं, हे खरं.

पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेने हे संगीत ब्रिटनमधल्या घराघरांत नेलं. १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ वनवर त्याचा दोन तासांचा कार्यक्रम झाला. तो ‘गोवा मिक्स’ या नावाने आजही ओळखला जातो. इतरांच्याच रचना, पण त्या अशा गुंफल्या होत्या की ऐकणाऱ्याला एका रात्रीचा प्रवास घडावा. पुढे आठ वर्षांनी, २००२ साली, त्याने स्वतःच्या रचनांचा पहिला संग्रह काढला : ‘बंका’. ट्रान्सच्या चाहत्यांनी झडप घालून तो घेतला आणि कपाळावर हात मारला. त्यात नेली फर्टाडो होती, आइस क्यूब होता, ट्रिकी होता, पेरी फॅरेल होता; लेखक हंटर थॉम्प्सनचा आवाजसुद्धा होता. प्रत्येक गाण्याला वेगळा पाहुणा आणि प्रत्येक गाणं जणू वेगळ्या रेडिओ केंद्रासाठी बेतलेलं. ‘स्टारी आइड सर्प्राइज’ हे त्यातलं गाणं खूप वाजलं, शीतपेयाच्या जाहिरातीतही गेलं. पण गोवा मिक्स ऐकून ज्यांनी रात्री जागवल्या होत्या त्यांना घरात आपलं असं काही सापडेना. त्यातल्या त्यात ‘सदर्न सन’ बरं होतं. आणि ट्रान्सवाल्यांनी त्याचीही मूळ आवृत्ती बाजूला ठेवून टिएस्टो या डच डीजेने केलेली आवृत्तीच जवळ केली.

इथे चाहत्यांचा रुसवा मला रास्त वाटतो. ओकनफोल्ड बदलला ही त्याची चूक नव्हे. तो जिथे गेला तिथे त्याचं स्वतःचं काही नव्हतं, ही खरी अडचण. ज्याने दोन तासांचा सलग प्रवास घडवला, त्याच्या हाती चार-चार मिनिटांचे सुटे डबे उरले. सगळ्यांना आवडावं म्हणून केलेल्या पंगतीत नेहमीच्या जेवणाऱ्याला मीठ लागेना.

म्हणजे कसोटी अशी : कलावंताने जुनं सोडलं की नाही, हा प्रश्न गौण आहे. सोडून तो कुठे निघाला? बाजाराकडे, की स्वतःच्या घराकडे? ‘बंका’ बाजाराकडे निघाला होता. ‘ड्रुक्स’ कुठे निघाला होता ते आता पाहू.

आधी दोष. संग्रह लांब आहे यात शंका नाही. तीसपैकी दहा-बारा रचना काढल्या असत्या तरी कोणाचं काही गेलं नसतं. धावत्या तालांच्या काही रचना खरोखरच १९९६-९७ च्या कामाची उजळणी वाटतात. क्रमही अंगावर येणारा आहे. डोळे मिटून पियानो ऐकावा तर पुढच्याच क्षणी कानाशी पत्रे आपटू लागतात. ज्यांनी हे बोलून दाखवलं त्यांनी काही खोटं सांगितलं नाही.

पण त्या पियानोचं काय? जेम्सने यामाहाचा ‘डिस्क्लाव्हिअर’ वापरला. हा खरा लाकडी पियानो, पण त्याच्या पट्ट्या संगणकाच्या आज्ञेने खालीवर होतात. काही ठिकाणी तारांत वस्तू अडकवून आवाज बदललेला आहे. तो मार्ग अमेरिकन संगीतकार जॉन केजने दाखवलेला. यंत्र वाजवतं, पण लाकूड, वादी, तार खरी. ‘एव्हरिल फोर्टीन्थ’ ही दोन मिनिटांची रचना नीट ऐकली तर पट्ट्यांची हलकी खटखटसुद्धा ऐकू येते. बैठकीत पेटीवाल्याच्या भात्याचा श्वास ऐकू यावा तशी. ज्याने सगळं जग यंत्रातून निर्माण केलं, तो यंत्रालाच हाताचं काम शिकवू पाहत होता. हा काही कपाटातला माल नव्हे. या वाटेने तो प्रथमच इतका पुढे गेला होता.

आणि ‘लॉर्नाडेरेक’. लॉर्ना आणि डेरेक ही त्याच्या आईवडिलांची नावं. अर्ध्या मिनिटाचा हा तुकडा म्हणजे संगीतसुद्धा नाही. आन्सरिंग मशीनवर आईवडिलांनी ठेवलेला निरोप आहे, ते मुलाला वाढदिवसाचं गाणं म्हणून दाखवताहेत. २००१ मध्ये समीक्षक हा तुकडा भरताड म्हणून ओलांडून गेले. आपल्या वाचकांना मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. नव्वदच्या दशकात परदेशी आलेल्यांपैकी कितीजणांनी त्या छोट्या टेपवरचा आईचा आवाज पुसायचा टाळला असेल! पुसली नाही तर पुढचे निरोप नीट यायचे नाहीत, आणि पुसली तर आवाज गेला. जेम्सने तो आवाज सीडीवर ठेवून दिला. मला वाटतं, संग्रहाचं मर्म तिथेच आहे.

काळाने काय निकाल दिला? ‘एव्हरिल फोर्टीन्थ’ सोफिया कपोलाने २००६ साली ‘मरी आंत्वानेत’ या चित्रपटात वापरलं. २०१० साली कान्ये वेस्टने त्याच्यावर आपलं एक गाणं बांधलं. आज जेम्सच्या सगळ्या कामातली सर्वांत लोकप्रिय रचना कोणती असं विचारलं तर बहुतेक लोक हेच नाव घेतील. त्याच संग्रहातली ‘क्यूकेटीएचआर’ नावाची, अकॉर्डियन किंवा आपल्या पेटीच्या जवळ जाणाऱ्या आवाजातली जेमतेम सव्वा मिनिटाची रचना २०२३ च्या सुमारास तरुणांच्या टिकटॉकवरच्या छोट्या चित्रफितींमधून जगभर पोचली. तो संग्रह आला तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती किंवा रांगत होती. ज्या तुकड्यांवर ‘हे कशाला?’ म्हणून नाकं मुरडली गेली, तेच टिकले. जेम्सने पुढचा मोठा संग्रह ‘सायरो’ २०१४ साली, म्हणजे तेरा वर्षांनी, काढला आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. चाहते तेव्हा खूश झाले. पण मला विचाराल तर ‘सायरो’ हा अधिक सुबक, आणि ‘ड्रुक्स’ हा अधिक खरा.

अशी गोष्ट आपल्याकडे घडली नाही असं नाही. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा बालगंधर्वांच्या कित्येक भक्तांना तो मानवला नाही. त्यांना हुबेहूब बालगंधर्व हवे होते. कुमारांनी नावातच सांगून टाकलं होतं की हे ‘मला उमजलेले’ आहेत. आणि गंमत अशी की, ज्या बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल भक्तांना हवी होती, ते स्वतः वन्समोअरला पद पुन्हा म्हणत तेव्हा ते तसंच म्हणत नसत. प्रत्येक वेळी एखादी नवी जागा, एखादी वेगळी मुरकी येई. वन्समोअरची मजा तिथे होती. तबकडी आली आणि ही मजा बिघडली. तबकडी तंतोतंत तेच, हवं तितक्या वेळा देते. तिच्यावर वाढलेला रसिक माणसाकडूनही तंतोतंत तेच मागू लागतो. नाटकातल्या प्रेक्षकापेक्षा तबकडीचा चाहता अधिक कडक असतो, तो यामुळे.

आता आपल्या मंडळाकडे वळतो, कारण हा लेख काही केवळ जेम्सची वकिली करायला लिहिलेला नाही. भारतातून कलाकार येतात. व्हिसा, विमान, हॉल, जेवण या सगळ्याचा खर्च आणि धावपळ कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. म्हणजे आपल्या दृष्टीने कलाकार हा ‘इम्पोर्टेड’च, फक्त दिशा उलटी. तो व्यासपीठावर बसतो न बसतो तोच फर्माइशींच्या चिठ्ठ्या पोचू लागतात, आणि चिठ्ठ्यांत गाणी कोणती? आपण देश सोडला त्या वर्षापर्यंतची. त्याने गेल्या दहा वर्षांत काय नवं केलं, हे विचारणारी चिठ्ठी क्वचितच असते. त्याने ते गायलंच तर मध्यंतरात चहाच्या रांगेत ऐकू येतं, ‘पूर्वीसारखी मजा नाही राहिली.’ मंडळी, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? सुटीत पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला गेल्यावर नातेवाईक नेमकं हेच आपल्याला ऐकवतात : ‘तू पूर्वीसारखी राहिली नाहीस.’ तेव्हा आपल्याला ते लागतं. आपण निघालो त्या दिवशीचा फोटो त्यांनी भिंतीवर लावला आहे आणि त्या फोटोशी आपली तुलना चालली आहे, हे आपल्याला कळतं. मग कलाकाराच्या बाबतीत ते का कळू नये?

याहून नाजूक गोष्ट मुलांची. ‘ड्रुक्स’मधल्या कित्येक रचनांची नावं कॉर्निश भाषेत आहेत. मेली म्हणून लोकांनी सोडून दिलेली आणि विसाव्या शतकात काही चिवट माणसांनी पुन्हा उभी केलेली ही भाषा. ती त्याच्या जन्मगावची नाही, वेल्श आईवडिलांचीही नाही. तो जिथे वाढला त्या मातीची आहे. परगावाहून आलेल्या आईबापांच्या पोराने गावाची जुनी भाषा आपली म्हणून उचलली, आणि त्याच संग्रहात आईबापांचा आवाजही जपून ठेवला. आपली लिमरिकमधली मुलं शाळेत आयरिश शिकतात. उद्या त्यांच्यातल्या एखाद्या मुलीने सतार सोडून फिडल उचललं किंवा आपल्या पहिल्या गाण्याला आयरिश नाव दिलं, तर आपल्यातले काही आजीआजोबा हिरमुसतील. त्या वेळी हीच कसोटी लावून पाहावी. ती बाजाराकडे निघाली आहे, की स्वतःच्या घराकडे? घर आपल्याला अनोळखी असेल. म्हणून ते घर नाही असं होत नाही.

ज्यांना ‘ड्रुक्स’ ऐकून पाहायचा आहे त्यांना एक व्यवहारी सूचना. शंभर मिनिटं सलग ऐकण्याचं धाडस पहिल्याच दिवशी करू नये. आधी पियानोच्या चार-पाच रचना वेचून ऐकाव्यात, मग ‘लॉर्नाडेरेक’, आणि मग एखाद्या दुपारी धावत्या तालांकडे वळावं. ते ताल तबल्याच्या कायद्या-रेल्यासारखे बोल मोजत ऐकले की त्यातला गोंगाट कमी होतो आणि गणित दिसू लागतं. आवडलं नाही तर खुशाल बंद करावं. पण ‘पूर्वीसारखं नाही’ या कारणासाठी नको.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतरचा अर्धा तास फर्माइशीविना ठेवावा. पाहुण्या कलाकाराने त्यात त्याला हवं ते, नुकतंच बांधलेलं, अजून नीट न बसलेलंसुद्धा, ऐकवावं. चिठ्ठ्यांसाठी त्याच्या आधीचा दीड तास आहेच. आणि त्या अर्ध्या तासातलं एखादं नवं गाणं सभागृहाला आवडलं, तर त्याला वन्समोअर द्यायला कोणाचीच ना नाही.